बिनपत्त्याची पेठ

२०१० साल संपत आलं होतं. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहराजवळ सव्वीस वर्षांचा एक तरुण भाड्याच्या जागेत अळंब्या पिकवत होता. भाजीच्या नव्हेत. या अळंब्या खाल्ल्या की माणसाला भास होतात, आणि त्या विकणं अमेरिकेत गुन्हा आहे. तरुणाचं शिक्षण भौतिकशास्त्राचं. शेतीशी त्याचा संबंध नव्हता, नशेचा व्यापारही त्याने कधी केला नव्हता. पण त्याला एक दुकान उघडायचं होतं आणि रिकाम्या फळ्या पाहून गिऱ्हाईक मागे फिरतं हे त्याला उमगलं होतं. म्हणून पहिला माल त्याने स्वतःच तयार केला, काही किलो.

त्याचं नाव रॉस विल्यम अल्ब्रिक्ट. पुढच्या तीन वर्षांत याच दुकानातून १८ कोटी डॉलरहून अधिक किमतीचे अमली पदार्थ विकले गेले. हेरॉइन, कोकेन, गांजा, एलएसडी, एक्स्टसीच्या गोळ्या. विकणारे काही हजार, विकत घेणारे लाखाच्या वर. अमेरिकेत अशा साखळीच्या म्होरक्यासाठी १९७० पासून एक वेगळा कायदा आहे, त्याला सगळे 'किंगपिन कायदा' म्हणतात. रॉसवर इतर आरोपांबरोबर हा आरोपही लागला आणि सिद्ध झाला.

अमेरिकेतल्या जुन्या ड्रग सम्राटांना मिरवायची हौस असे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला निकी बार्न्स १९७७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवार पुरवणीच्या मुखपृष्ठावर झळकला. ते पाहून राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर चिडले आणि पुढच्याच वर्षी बार्न्सला जन्मठेप झाली. रॉस त्या जातीचा नव्हता. धंदा ऐन भरात असताना, २०१३ मध्ये, तो सॅन फ्रान्सिस्कोत महिना हजार डॉलर भाड्याच्या एका खोलीत राहत होता. भाडं रोखीत द्यायचा. घरातले इतर भाडेकरू त्याला 'जॉश' म्हणून ओळखत. दिवसभर लॅपटॉपवर असतो एवढीच त्यांना त्याच्याबद्दल माहिती होती.

ऑस्टिनमधल्या मध्यमवर्गीय, प्रेमळ घरातला हा मुलगा. लहानपणी स्काउट, आणि तिथला सर्वोच्च 'ईगल स्काउट' हा मानही त्याला मिळालेला. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत शिष्यवृत्तीवर भौतिकशास्त्राची पदवी, मग पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून मटेरियल सायन्समध्ये मास्टर्स. तिथे त्याला अर्थशास्त्राचं वेड लागलं. लुडविग फॉन मिझेस या ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञाची पुस्तकं वाचून त्याची खात्री पटली की सरकार म्हणजे संघटित बळजबरी, आणि दोन माणसांनी राजीखुशीने केलेल्या सौद्यात नाक खुपसायचा तिसऱ्याला अधिकार नाही. विज्ञान त्याने सोडून दिलं. शेअर बाजारात हात पोळून घेतले, व्हिडिओ गेमची कंपनी काढायचा प्रयत्न फसला, जुनी पुस्तकं ऑनलाइन विकायचा धंदा काही काळ चालवला. मला वाटतं, पुढचं सगळं शिक्षण याच पुस्तकांच्या धंद्यात झालं. मालाची यादी कशी ठेवायची, टपालाने पार्सल कसं पाठवायचं, गिऱ्हाइकाने दिलेल्या रेटिंगवर दुकान कसं तरतं किंवा बुडतं, हे सगळं तिथे रोजचंच होतं.

लिंक्डइनवर स्वतःची ओळख करून देताना त्याने लिहिलं होतं की, बळजबरी नसलेल्या जगात जगणं कसं असतं याचा प्रत्यक्ष अनुभव लोकांना देणारी एक आर्थिक प्रतिकृती आपण उभारतो आहोत. हे वाक्य लक्षात ठेवायला हवं, कारण ते त्याने मनापासून लिहिलं होतं.

त्याला लागणारी दोन हत्यारं तोवर तयार झाली होती. पहिलं 'टॉर'. नव्वदच्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सुरू झालेल्या संशोधनातून ते जन्माला आलं. यात तुमचा संदेश एकात एक घातलेल्या पाकिटांसारखा जगभरच्या संगणकांवरून फिरत जातो. प्रत्येक संगणक वरचं एक पाकीट फोडतो, त्याला फक्त मागचा आणि पुढचा शेजारी कळतो. मूळ कोण आणि अखेरचा मुक्काम कुठला, हे एकाच वेळी कोणालाच दिसत नाही. दुसरं हत्यार २००९ मध्ये आलेलं बिटकॉइन. बँक नाही, खात्यावर नाव नाही. टॉरने पत्ता लपवला, बिटकॉइनने नाव.

पण पत्ता आणि नाव दोन्ही लपलेल्या दोन अनोळखी माणसांत सौदा व्हायचा कसा? पैसे आधी दिले आणि माल आलाच नाही तर? माल आधी पाठवला आणि पैसे बुडाले तर? पोलिसांत तर कोणीच जाऊ शकत नाही. रॉसने यावर काढलेला तोडगा आपल्या बाजार समितीत शेतमाल घेऊन गेलेल्या कोणालाही चटकन कळेल. तो अडत्या झाला. गिऱ्हाइकाचे पैसे आधी त्याच्याकडे जमा होत, पार्सल हातात पडल्याचं गिऱ्हाइकाने सांगितलं की मग ते विकणाऱ्याला मिळत, आणि मधल्यामध्ये तो आपली अडत कापून घेई. एफबीआयच्या तक्रारीनुसार ती ८ ते १५ टक्के होती. शिवाय प्रत्येक विक्रेत्याखाली गिऱ्हाइकांचे शेरे: माल चोख आहे, पॅकिंग हवाबंद आहे, चार दिवसांत मिळाला. घरपोच आणून देणारा होता टपालखात्याचा पोस्टमन, आणि आपण काय पोचवतो आहोत याची त्याला कल्पनाही नसे.

२०११ च्या सुरुवातीला ही पेठ उघडली. नाव 'सिल्क रोड', जुन्या रेशीम मार्गावरून घेतलेलं. १ जून २०११ रोजी 'गॉकर' या संकेतस्थळावर एड्रियन चेन या पत्रकाराचा लेख आला आणि रातोरात झुंबड उडाली. त्या आठवड्यात बिटकॉइनचा भाव जवळजवळ तिप्पट झाला. सिनेटर चक शूमर यांनी हे संकेतस्थळ बंद करण्याची जाहीर मागणी केली. म्हणजे दुकान उघडून पाच महिने होत नाहीत तोच देशाचा एक सिनेटर त्याच्याबद्दल जाहीरपणे बोलत होता. ते चालवणारा मात्र कोण, हे जवळपास कोणालाच ठाऊक नव्हतं.

२०१२ च्या फेब्रुवारीत त्याने एक टोपणनाव घेतलं, 'ड्रेड पायरेट रॉबर्ट्स'. 'द प्रिन्सेस ब्राइड' या कादंबरीतला हा समुद्री चाचा एक माणूस नसतोच. एक निवृत्त झाला की दुसरा तेच नाव घेऊन जहाज चालवतो. ही कल्पना 'व्हरायटी जोन्स' नावाने वावरणाऱ्या सल्लागाराची. उद्या पकडला गेलास तर मी तो नव्हेच, नाव दुसऱ्याला दिलं होतं असं सांगता येईल, असा त्यामागचा हिशोब. हा सल्लागार म्हणजे रॉजर थॉमस क्लार्क. तो २०१५ मध्ये थायलंडमध्ये सापडला आणि २०२३ मध्ये त्याला २० वर्षांची शिक्षा झाली.

पेठेला नियम होते. लहान मुलांचं लैंगिक शोषण करणारं साहित्य नाही, चोरलेली क्रेडिट कार्डं नाहीत, ज्याने दुसऱ्याचं नुकसान होईल ते काही नाही. बनावट ओळखपत्रं मात्र चालत. 'डॉक्टर एक्स' नावाचा एक स्पॅनिश डॉक्टर तिथे व्यसनी माणसांना काय टाळावं याचा फुकट सल्ला देत असे. रस्त्यावरच्या नाक्यावर चाकू आणि पिस्तुलं निघतात, इथे फक्त तारांकित शेरे आहेत, असं समर्थक म्हणत. या युक्तिवादात तथ्य होतं. मी तो झटकून टाकणार नाही. पण त्याची कसोटी पाहणारा दिवस २०१३ च्या जानेवारीत उजाडला.

यूटा राज्यातला एक मध्यमवयीन गृहस्थ रॉससाठी गिऱ्हाइकांच्या तक्रारी हाताळायचा. १७ जानेवारीला त्याच्या दारात एक पार्सल आलं. आत एक किलो कोकेन. ते पाठवलं होतं अमली पदार्थविरोधी खात्याच्या, म्हणजे डीईएच्या, माणसांनी. बाल्टिमोरचा एजंट कार्ल मार्क फोर्स बरेच महिने 'नॉब' नावाने लॅटिन अमेरिकी तस्कर असल्याची बतावणी करत रॉसशी गप्पा मारत होता. हा सापळा त्याचाच. मदतनीस पकडला गेला, आणि एका हॉटेलात झालेल्या चौकशीत त्याने आपला पासवर्ड देऊन टाकला. चौकशीच्या खोलीत सीक्रेट सर्व्हिसचा एजंट शॉन ब्रिजेस हजर होता. त्याच दिवशी त्या पासवर्डने पेठेतल्या विक्रेत्यांची खाती फोडली गेली आणि सुमारे २०,००० बिटकॉइन गायब झाले. तेव्हाच्या भावाने साडेतीन लाख डॉलर. चोर होता ब्रिजेस, सरकारी नोकर.

रॉसच्या पडद्यावर दिसलं ते असं: मदतनीसाच्या खात्यातून चोरी झाली, आणि मदतनीस पकडला गेला आहे. सौद्याला साक्षीदार नाही, फिर्याद घ्यायला ठाणं नाही, निवाड्याला न्यायाधीश नाही. त्याने नॉबला आधी सांगितलं की याला मारहाण करा, पैसे परत करायला लावा. लगेचच निरोप बदलला: मारून टाका. ठरले ८०,००० डॉलर, अर्धे आधी आणि अर्धे काम झाल्यावर. एजंटांनी त्या मदतनीसाला बाथटबमध्ये बुडवल्याचं नाटक केलं, मग त्याच्या तोंडाला सूप फासून, निपचित पाडून फोटो काढले आणि पाठवून दिले. रॉसने उरलेले पैसे चुकते केले. त्याने नॉबला लिहिलं की याला मारावं लागलं याची चीड येते, पण झालं ते झालं.

बळजबरीशिवायची पेठ दोन वर्षांची होते न होते तोच तिच्या मालकाने एका माणसाचा जीव विकत घेतला होता. कोणी मेलं नाही, याचं श्रेय त्याला जात नाही.

मार्चमध्ये पुन्हा तेच. 'फ्रेंडलीकेमिस्ट' नावाच्या कोणीतरी धमकावलं की पाच लाख डॉलर दे, नाहीतर हजारो गिऱ्हाइकांची नावं जाहीर करतो. 'रेडअँडव्हाइट' नावाच्या दुसऱ्याने आपण हेल्स एंजल्स टोळीचे आहोत असं सांगून त्याचा काटा काढायची सुपारी घेतली. रॉसने १,६७० बिटकॉइन मोजले, म्हणजे तेव्हाचे दीड लाख डॉलर. मग आणखी चौघांसाठी ३,०००. कॅनडाच्या पोलिसांना असा कोणताही खून झाल्याचा मागमूस सापडला नाही. ही सगळी लुबाडणूक होती.

रॉस रोजनिशी लिहायचा, आणि ती लॅपटॉपमध्ये साठवून ठेवायचा. पुढे ती न्यायालयात पुरावा म्हणून मांडली गेली. त्यात १ एप्रिल २०१३ ची नोंद आहे. पहिली ओळ: धमकावणाऱ्याला संपवल्याचा निरोप आला. तिच्या खालची ओळ: फाइल अपलोडची स्क्रिप्ट तयार केली. त्या खालची: तीन महिन्यांहून जुन्या अनामत रकमांच्या परताव्यातली अडचण सोडवायला घेतली. मी हे पान पुन्हा पुन्हा वाचलं आहे. त्यात द्वेष नाही, भीती नाही, थरथर नाही. दिवसभरात उरकलेल्या कामांची ती यादी आहे, आणि पहिलं काम एका माणसाचं मरण आहे. कलाश्निकोव्ह घेतलेला तस्कर मला या पानाइतका भीतीदायक वाटत नाही.

त्याला पकडलं कसं, याबद्दल संगणकतज्ज्ञांच्या करामतींच्या कहाण्या खूप आहेत. आइसलँडमधला सर्व्हर एफबीआयला सापडला हे खरं, आणि तो नेमका कसा सापडला यावर खटल्यात वादही झाला. पण त्या सर्व्हरवर माणसाचं नाव नव्हतं. ते शोधलं न्यूयॉर्कच्या आयकर खात्यातल्या गॅरी आल्फर्ड या तपासनीसाने, घरी बसून, साध्या गुगलवर. सिल्क रोडचा इंटरनेटवरचा सर्वांत जुना उल्लेख कुठे आहे, असा अगदी साधा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. नव्या दुकानाची जाहिरात पहिल्यांदा करणारा बहुधा मालकच असणार. जानेवारी २०११ मध्ये 'अल्टॉइड' नावाच्या कोणीतरी, आपल्याला सहज दिसलं असा आव आणून, या दुकानाबद्दल लिहिलं होतं. त्याच अल्टॉइडने ऑक्टोबरमध्ये बिटकॉइनच्या एका चर्चापीठावर संगणक जाणणारा माणूस हवा आहे असं लिहिलं आणि संपर्कासाठी ईमेल दिला. ईमेलमध्ये त्याचं पूर्ण नाव होतं, रॉस अल्ब्रिक्ट.

आल्फर्डने २०१३ च्या उन्हाळ्यात हे वरिष्ठांना सांगितलं. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. सप्टेंबरमध्ये हट्टाने पुन्हा नोंदी तपासून घेतल्या, तेव्हा कळलं की हे नाव सरकारदरबारी आलेलं आहे. जुलैमध्ये कॅनडाहून आलेल्या एका पाकिटात नऊ बनावट ओळखपत्रं सापडली होती, नावं वेगवेगळी पण फोटो एकच. अंतर्गत सुरक्षा खात्याची माणसं त्या पत्त्यावर गेली, रॉस दारात आला, आणि बोलता बोलता म्हणाला की समजा, कोणीही 'सिल्क रोड'वर जाऊन असं काही मागवू शकतं. ती माणसं निघून गेली. हे नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. आल्फर्डने फोनवर आणखी एक तपशील सांगितला. प्रोग्रामिंगच्या एका संकेतस्थळावर या माणसाने स्वतःच्या नावाने प्रश्न विचारला आणि मिनिटभरात नाव बदलून 'फ्रॉस्टी' केलं. हे ऐकताच एफबीआयचा ख्रिस टार्बेल ताठ झाला. सर्व्हरवर लॉगिन करणाऱ्या संगणकाचं नाव 'फ्रॉस्टी'च होतं.

आता अडचण लॅपटॉपची होती. त्याचं झाकण मिटलं की आतलं सगळं कुलूपबंद होणार. तो उघडा आणि चालू असतानाच हाती यायला हवा होता.

१ ऑक्टोबर २०१३, दुपारचे तीन वाजलेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लेन पार्क भागात रॉस जवळच्या कॅफेत डोकावला, तिथे गर्दी होती, म्हणून तो सार्वजनिक वाचनालयात गेला. पुस्तकांच्या कपाटांजवळच्या टेबलावर त्याने लॅपटॉप उघडला. शिकागोचा सरकारी एजंट जॅरेड डेर-येघियायन जवळपासच होता. त्याचा तपास २०११ मध्ये, विमानतळावर टपालात सापडलेल्या एका गुलाबी गोळीपासून सुरू झाला होता. आणि गेले दोन महिने तो 'सिरस' या नावाने रॉसचाच नोकर म्हणून पेठेत काम करत होता. खऱ्या कर्मचाऱ्याकडून त्याने ते खातं घेतलं होतं. त्याने मालकाला निरोप धाडला: तक्रार आलेला एक संदेश जरा बघता का? खात्री करून घ्यायला रॉसने विचारलं, माझ्याकडे येण्याआधी तू बिटकॉइनची देवघेव करायचास ना? उत्तर बरोबर आलं. रॉसने लॉगिन केलं.

त्याच्या पाठीमागे एक जोडपं मोठ्याने भांडायला लागलं. रॉसने मान वळवली. तेवढ्यात समोरच्या बाजूने एका हाताने लॅपटॉप अलगद सरकवून घेतला. भांडणारे दोघंही एफबीआयचे होते. पडद्यावर मालकाचं नियंत्रण-पान उघडंच होतं. टॉम कियर्नन हा एफबीआयचा तंत्रज्ञ लॅपटॉप झोपू नये म्हणून बोट फिरवत राहिला. आत रोजनिशी, हिशोब, दोन वर्षांच्या गप्पा आणि सुमारे १,४४,००० बिटकॉइन.

या बिटकॉइनबद्दलचा एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. खात्यावर नाव नसतं, पण प्रत्येक व्यवहार एका जाहीर वहीत कायमचा लिहिला जातो. एफबीआयने त्या वहीतून सिल्क रोडच्या सर्व्हरवरून थेट या लॅपटॉपमध्ये आलेले सुमारे ७ लाख बिटकॉइन मोजून दाखवले. याच वहीने फोर्स आणि ब्रिजेसलाही उघडं पाडलं. फोर्स तर गुप्त माहिती रॉसलाच विकत होता. २०१५ मध्ये फोर्सला साडेसहा वर्षं आणि ब्रिजेसला जवळपास सहा वर्षं शिक्षा झाली. २०१२ मध्ये पेठेतून ५०,००० हून अधिक बिटकॉइन लांबवणारा जॉर्जिया राज्यातला एक तरुण नऊ वर्षं निर्धास्त होता. २०२१ मध्ये त्याच्या घरी झडती झाली तेव्हा त्यातला काही ऐवज न्हाणीघरातल्या कपाटात, पॉपकॉर्नच्या डब्यात, चादरीखाली सापडला.

खटला जानेवारी २०१५ मध्ये मॅनहॅटनमध्ये उभा राहिला. सुरुवातीचं दुकान आपल्याच अशिलाने काढलं होतं हे बचावाचे वकील जोशुआ ड्रेटेल यांनी पहिल्याच दिवशी मान्य केलं. नंतर ते दुसऱ्यांनी चालवलं आणि शेवटी बळीचा बकरा म्हणून त्याला पुढे केलं, असा त्यांचा दावा. चाच्याच्या गोष्टीतली तीच युक्ती. ज्युरीला साडेतीन तास लागले. सातही आरोपांत दोषी. खुनाच्या सुपाऱ्यांचा आरोप या खटल्यात नव्हता आणि मेरीलँडमधला तसा आरोप पुढे मागे घेतला गेला, तरी शिक्षा ठरवताना त्या विचारात घेतल्या गेल्या. २९ मे २०१५ रोजी न्यायाधीश कॅथरीन फॉरेस्ट यांनी दोन जन्मठेपा आणि वर ४० वर्षं सुनावली. पॅरोल नाही. ही शिक्षा जास्त होती, असं माझं मत आहे. त्याच्या सल्लागाराला झालेल्या वीस वर्षांशी ती ताडून पाहावी. न्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रात रॉसने विनवलं होतं की तारुण्य मला मिळालं, मधली वर्षं तुम्ही घेणार हे ठाऊक आहे, पण म्हातारपण तेवढं माझ्यासाठी ठेवा.

त्या दिवशी सरकारी वकिलांनी सहा मृत्यूंचा उल्लेख केला आणि मृतांच्या दोन पालकांनी न्यायालयात आपलं म्हणणं मांडलं. त्या सहा जणांत ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा सोळा वर्षांचा एक मुलगा होता. २०१३ च्या फेब्रुवारीत, शाळेच्या समारंभानंतरच्या पार्टीत, सिल्क रोडवरून आलेलं एलएसडीसारखं कृत्रिम रसायन त्याने घेतलं आणि तो हॉटेलच्या बाल्कनीतून खाली पडला. तेव्हा रॉसच्या पेठेत चोरीची आणि सुपारीची धांदल सुरू होती. बळजबरी कोणीच केली नव्हती. मुलाने स्वतःहून घेतलं, विकणाऱ्याने स्वतःहून विकलं, अडत्याने आपली अडत कापून घेतली.

रॉसची आई लिन अल्ब्रिक्ट दहा वर्षांहून जास्त काळ मुलाच्या सुटकेसाठी देशभर फिरली. अपील फेटाळलं गेलं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. मे २०२४ मध्ये लिबर्टेरियन पक्षाच्या अधिवेशनात डोनाल्ड ट्रम्प यांनी शब्द दिला आणि राष्ट्राध्यक्षपदावर परतल्यावर दुसऱ्याच दिवशी, २१ जानेवारी २०२५ रोजी, संपूर्ण माफीवर सही केली. रॉस ॲरिझोनातल्या तुरुंगातून बाहेर पडला तेव्हा चाळीस वर्षांचा होता. पर्थचा तो मुलगा असता तर त्या वर्षी अठ्ठावीस-एकोणतीसचा असता. ग्लेन पार्कच्या वाचनालयात लॅपटॉप उघडून बसलेला रॉस होता, जवळपास तेवढ्याच वयाचा.